कोऱ्या फ्लॉपीतला रोग

पडद्यावरची अक्षरं गळू लागली आणि रोह्याच्या त्या मंगल कार्यालयातली कुजबुज थांबली. पिकलेली जांभळं पडावीत तसं स्वागताच्या ओळीतलं एकेक अक्षर सुटून तळाशी पडत होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"बघा मंडळी, बघून घ्या!" व्यासपीठावरून हैबतराव गरजले. स्वतःला ते संगणकवैद्य म्हणवत. अंगात सफारी, कपाळाला गंध. मॉनिटरलाही हळदकुंकू लावलेलं. "हा व्हायरस! डोळ्याला दिसत नाय, नाकाला वास येत नाय, पण घरात शिरला की घर खातो. परदेशातले शास्त्रज्ञ ह्याच्यापुढे हात टेकून बसलेत. का? त्यांच्याकडे यंत्र हाय, मंत्र नाय!"

टाळ्या पडल्या. १९९९चा मे महिना होता. गावात संगणक असलेली घरं थोडी आणि बघायला आलेली माणसं ढीगभर.

"अरे वैद्या," इंदुबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. आमच्याच आळीतल्या त्या. "ह्याची लागण माणसाला होते का रे? नातू माझा दिवसभर त्याच्या तोंडाला तोंड लावून बसतो."

"माझं कवच घरात असलं तर कुणालाच नाय, आजी."

"मग माझ्या गुडघ्याला चालंल काय?"

कार्यालय हसलं. हैबतराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत. "श्रद्धा ठेवा, आजी. श्रद्धेला सगळं चालतं."

मग त्यांनी लाल कापडातून ते कवच, म्हणजे एक फ्लॉपी, काढली, कपाळाला लावली आणि यंत्रात सारली. तळाशी पडलेली अक्षरं एकेक करून वर चढली, आपापल्या जागी जाऊन बसली. खाली हिरवी ओळ उमटली: अकरा व्हायरस सापडले. अकरा नष्ट केले.

"अकरा! शुभ आकडा!" हैबतराव म्हणाले. "आणि हे कवच एकदा घेतलं की जन्मभर. बाजारातल्या कंपन्या दर वर्षाला नवं औषध विकतात. म्हणजे जुनं औषध खोटं होतं की नाय? आपलं तसं नाय."

मी हसले आणि बाजूला बघितलं. माझे बाबा हसत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ते पुढे झुकले होते.

माझे बाबा, जेकब अष्टमकर, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लिंबातून रक्त काढणाऱ्या मांत्रिकाच्या सुरीला काय चोपडलेलं असतं, ते आठवीच्या वर्गात करून दाखवणारे. जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवणारे, आणि मग घरी आल्यावर आईकडून बोलणी खाणारे. "जीभ भाजली तर शिकवणार कशानं?" ती म्हणायची. आता तेच बाबा त्या लाल कापडाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. आशा असावी.

कारण सांगायला हवं.

आम्ही कोकणातले ज्यू. आमची माणसं एकेक करून इस्राएलला गेली. माझा भाऊ डॅनियल गेला, त्या वेळी घरी मलिद्याचा विधी झाला. गोड पोहे आणि फळं तबकात मांडून एलियाहू पैगंबराची आठवण काढतात, तो विधी. आईने त्या दिवशी तिच्या आईकडून आलेली गाणी म्हटली, आणि बाबांनी ती कॅसेटवर घेतली. आई एरवी टेपरेकॉर्डर दिसला की गप्प व्हायची. त्यामुळे तिचा आवाज जगात त्या एका कॅसेटवर होता. पुढच्या वर्षी आई वारली.

कोकणच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लागली, तेव्हा बाबांनी नवा संगणक घेतला. निवृत्तीनंतरचा त्यांचा तो एकच शौक. गाणी त्यांनी स्वतः खटपट करून त्यात उतरवली. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. देवाचं नाव असलेली फाटकी पुस्तकं आम्ही रद्दीत घालत नाही, कबरस्तानात पुरतो. आईच्या गाण्यांत देवाचं नाव होतं. बाबा देव मानत नसत, पण आईला मानत. तिच्या वर्षश्राद्धाला त्यांनी ती बुरसटलेली कॅसेट पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या अष्टमी गावच्या कबरस्तानात तिच्या कबरीच्या पायथ्याशी पुरली.

डॅनियलने फोनवर एक प्रत मागितली होती. "तिकडे जाणारं कुणी भेटलं की पाठवतो," बाबा म्हणाले होते.

संगणकासोबत अँटिव्हायरस आला होता. तो बाबांनी एकदा चालू केला, पुन्हा कधी नवा करून घेतला नाही. एका मित्राने दिलेल्या पत्त्यांच्या खेळाबरोबर रोग घरात आला आणि महिनोन् महिने गप्प पडून राहिला. सव्वीस एप्रिलला त्या व्हायरसने जगभर डोकं वर काढलं. त्या सकाळी आमचा संगणकही सुरूच झाला नाही.

आणि त्या सभेनंतर हैबतराव घरी आले.

मी पेणला वाचनालयात नोकरी करत होते, आठवड्याच्या शेवटी घरी यायची. मेच्या त्या सभेनंतरच्या शुक्रवारी एसटीने रोह्याला पोचले, तोवर सूर्य कलला होता. शनिवार आमचा विसाव्याचा दिवस. आईच्या वेळेपासून आमच्याकडे शुक्रवारचा दिवा लागायच्या आत टेपरेकॉर्डरवर कापड पडायचं, ते शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत उचललं जायचं नाही. आई नसतानाही बाबांनी ते संगणकासाठी पाळलं होतं. त्या दिवशी दिवा लागलेला नव्हता. संगणक चालू होता आणि बाबा स्पीकरला कान लावून बसले होते.

"ये, ये. बोलू नकोस. ऐक."

स्पीकरमधून खरखर येत होती. सुपात तांदूळ पाखडावेत तशी.

"ऐकलंस? हैबतरावांनी आधी शुद्धी केली यंत्राची. आता दर शुक्रवारी कवच लावून आवाज जागवायचा. हळूहळू स्पष्ट होईल, म्हणाले. हे बघ, आत्ता! एलियाहू म्हणताना ती 'या' लांबवायची, तसंच. ऐकलंस ना?"

मी कान दिला. मनापासून दिला. मलाही ती ऐकायची होती. खरखर होती, मध्येच एक बारीक टिचकी, मग पुन्हा खरखर.

"होय ना गो?" बाबांनी विचारलं. 'गो' म्हणून ते मला लहानपणी हाक मारत.

"बाबा, आज दिवा लावायचा राहिलाय," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात गेले.

रविवारी परतताना ते कवच मी मागून घेतलं. "पेणच्या आमच्या यंत्राला लावून बघते," म्हटलं. बाबांना आनंद झाला. फ्लॉपी पुन्हा लाल कापडात गुंडाळून त्यांनीच माझ्या हातात दिली.

पेणला मालती शाळेत संगणक शिकवायची. माझी मैत्रीण, जमीनजुमल्याच्या घरातली, पण घरात आता सगळे मास्तरच. तिने लाल कापड टेबलाच्या कडेला सरकवलं आणि सीलबंद खोक्यातून एक नवी फ्लॉपी काढली.

"ही कोरी आहे. हिच्यात एक अक्षर नाही. आता विचारू या तुमच्या वैद्याला."

कवचाने तपासणी केली. अकरा व्हायरस सापडले. अकरा नष्ट केले.

"जन्माला न आलेल्या बाळाला गोवर!" मालती म्हणाली. मग तिने कीबोर्डवर एक विचित्र ओळ टाइप केली आणि साठवली. "ही निरुपद्रवी ओळ आहे. अँटिव्हायरस करणाऱ्या लोकांनीच ती ठरवून घेतलीये, पारखायला. जो खरा जागा असतो, तो हिला पकडतोच."

शाळेचा अँटिव्हायरस लगेच ओरडला. कवच मात्र त्या ओळीवरून फिरून आलं आणि म्हणालं: अकरा सापडले, अकरा नष्ट केले.

"ह्यात तपासणी नाहीच गं. नुसतं वाक्य लिहून ठेवलंय. आणि ती गळणारी अक्षरं, ती त्याचीच. खाली पाडायचा आणि वर चढवायचा, दोन्ही कार्यक्रम ह्याच फ्लॉपीत आहेत. पाडायचा तो सभेआधीच यंत्रात भरून ठेवत असणार."

"आवाज जागवायचा पण आहे," मी म्हटलं.

मालतीने तो सुरू केला. सुपात पाखडलेले तांदूळ. एक बारीक टिचकी. पुन्हा तांदूळ. माझ्या आईने ज्या यंत्राचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यातून तीच खरखर येत होती.

मालतीने ते बंद केलं.

"आणि शुद्धी?" मी विचारलं.

"शुद्धी म्हणजे डिस्क पुसून त्यावर सगळं नव्याने भरणं." ती माझ्याकडे वळली. "नाओमी, त्या व्हायरसने डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब केला होता. पुढचं बरंचसं शाबूत असू शकतं. लगेच, तसंच्या तसं जाणकाराकडे नेलं असतं तर कदाचित गाणी निघाली असती. ह्या माणसाने त्यांच्यावरच नवं लिहून ठेवलं."

"म्हणजे ती एप्रिलमध्ये गेली नव्हती."

"कदाचित नव्हती."

त्या शनिवारी मी बाबांना सगळं सांगितलं. शुद्धीबद्दलचंही. मला वाटलं, रागावतील, माझ्यावर तरी. त्यांनी फक्त विचारलं, "टिचकी तिथेच येते का? खरखरीत?"

"दर वेळी तिथेच."

"दोन्ही यंत्रांवर?"

"दोन्ही."

"हं." वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की ते असंच म्हणायचे. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुलना करायला पाहिजे होती मी. पोरांना आयुष्यभर तेच शिकवलं. एकाला औषध दिलं तर दुसऱ्याला देऊ नका, मग बघा."

"बाबा, कबरस्तानातली कॅसेट..."

"एक अख्खा पावसाळा गेलाय तिच्यावरून, गो," ते म्हणाले. "राहू दे आता."

हैबतरावांची पुढची सभा त्याच कार्यालयात होती, आणि बाबा तिचा मुख्य देखावा होते. "अष्टमकर सरांच्या घरी मेलेला आवाज जागा झाला," असं त्यांनी वरसे, कोलाडपर्यंत पसरवलं होतं. गर्दी दाराबाहेर गेली होती. अक्षरं पडली, चढली. टाळ्या झाल्या. मग हैबतरावांनी बाबांना वर बोलावलं.

बाबा सावकाश चढले. खिशातून त्यांनी फ्लॉपीचं सीलबंद खोकं काढलं. "हे बाजारातल्या दुकानातून आत्ता आणलं. इंदुबाई, तुम्ही फोडा."

"मी? मला कुठं येतंय मास्तर."

"भाजीची पिशवी फोडता तसंच."

इंदुबाईंनी फोडलं. बाबांनी कोरी फ्लॉपी यंत्रात घातली आणि कवच चालवलं. अकरा. दुसरी घातली. अकरा.

"कोऱ्यात पण अकरा?" मागून कुणीतरी म्हणालं. "मग काय, कारखान्यातच लागण झाली व्हय?"

हशा पिकला. हैबतराव घाईने पुढे आले. "सूक्ष्म दोष असतात, सर. साध्या डोळ्याला..."

"असतील. आता आवाज लावा."

"तो तुमच्या घरच्या यंत्रात जागतो सर, इथं कसा..."

बाबांनी स्वतःच कळ दाबली. कार्यालयाच्या मोठ्या स्पीकरमधून खरखर आली, टिचकी वाजली, पुन्हा खरखर आली. सगळे ऐकत होते.

"मंडळी," बाबा म्हणाले, "माझी बायको ह्या यंत्राच्या जवळ कधी आली नाही. ती इथे असायचं काही कारण नाही."

"पण सर, तुम्हीच म्हणालात!" हैबतरावांचा आवाज चढला. "घरी माझ्यासमोर डोळे पुसलेत तुम्ही! ऐकू येतो म्हणालात!"

"येत होता," बाबा म्हणाले. "आत्ताही आला. मला येतो. यंत्रात नाही तो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इंदुबाई पदराने डोळे टिपत होत्या. हैबतरावांनी लाल कापड गोळा केलं. सर्वांसमोर, कुणाकडेही न बघता, ते मागच्या दाराने निघून गेले.

बाबा अजून उभेच होते. "दोन मिनिटं बसा," ते वर्गातल्यासारखं म्हणाले, आणि सगळे बसले. "अँटिव्हायरस घ्या. जरूर घ्या. पण जो म्हणेल, एकदा घ्या आणि जन्मभर विसरा, त्याच्याकडून घेऊ नका. रोज नवा रोग येतो, तर औषधही नवं होत राहायला हवं. माझं नव्हतं. विकणाऱ्याला विचारा, नवं कधी आणि कसं मिळणार. पारखून दाखव म्हणा. आणि ध्यानात ठेवा, ती लस आहे. लस टोचून मेलेलं माणूस उठत नाही. उठवतो म्हणेल, त्याला घरात घेऊ नका. माणूस कितीही दुःखात असला तरी. दुःखात असला तर जास्तच."

पुढचं त्यांना बोलवेना, म्हणून ते मी लिहिते.

ज्या वस्तूला जगात दुसरी जोडी नाही, तिची प्रत आज करा. एक घरात ठेवा, एक दुसऱ्याच्या घरात. चांगल्या दिवसाची, कुणी जाणारं भेटण्याची वाट बघू नका. यंत्र बिघडतं, फ्लॉपी बिघडते, कॅसेटला बुरशी येते. ह्यात कुणाचा कोप नाही आणि कुणाची कृपाही नाही. हे माहीत असलेला माणूस फसतो तो अडाणी असतो म्हणून नाही. त्याला काहीतरी परत हवं असतं.

पुढच्या शुक्रवारी मी घरी गेले तेव्हा सूर्य अजून वर होता. बाबांनी संगणकावर कापड घातलेलं होतं. दिवा लावून झाल्यावर ते म्हणाले, "तुला पहिलं कडवं येतं ना गो? म्हण."

माझा आवाज आईसारखा नाही. मी म्हटलं. 'या' लांबवायला विसरले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तेवढं एक अक्षर स्वतः म्हणून दाखवलं.