पोकळ दोरीचा सांधा

आमच्या ह्यांना उठल्यासुटल्या ‘नको’ म्हणायची सवय पूर्वी नव्हती. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि ही सवय लागली. फिजिओथेरपीवाल्या बाईने दारावर कप्पी टांगून दिली होती. दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची, डाव्याने खाली ओढलं की उजवा वर जातो. एका सकाळी ती दोरी मधोमध तुटली आणि रत्नाकररावांना निमित्तच मिळालं. "राहू दे गं चारू. आता काय फरक पडणार आहे?"

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मांबलम स्टेशनाजवळच्या दुकानातून त्याच दिवशी मी नवी दोरी आणली. पण जिना चढताना वाटलं, हे नव्या दोरीलाही नकोच म्हणणार. ह्या माणसाला चिडायला काहीतरी दिलं पाहिजे. मग नवी दोरी कपाटात परकरांखाली सरकवली आणि त्यांच्यासमोर बसून तुटक्या दोरीला चांगली ढब्बू गाठ मारली.

"अगं, ही गाठ कप्पीच्या चाकातून जाईल का?" किती दिवसांनी खेकसले! मला बरं वाटलं.

"मग तुम्हीच सांगा. रेल्वेच्या कारखान्यात जन्म काढलात ना?"

ती दोरी विणलेली, आतून पोकळ. एक टोक दुसऱ्याच्या पोटात सारायचं, म्हणाले, मग ओढू तितकी वीण आवळते. म्हणजे परकरात नाडी ओवायची, एवढंच की! पण सेफ्टी पिन जाड पडली, विणायची सुई निसटली. शेवटी खालच्या मजल्यावर वीणा शिकवणाऱ्या हेमावती मामींकडून तुटलेली तार आणली. ती दुमडून जुन्या बॉलपेनच्या नळीत खोचली, तीच मूठ. पुढे बारीकसा फास राहिला. तो दोरीच्या पोटातून पलीकडे काढायचा, त्यात टोक अडकवायचं आणि मागे ओढायचं.

मी मुद्दाम घाई केली. फास भलतीकडूनच बाहेर काढला.

"अय्यो, काय करतेस! दोरी आधी गोळा कर, म्हणजे पोट फुगतं." ह्यांनी डाव्या हाताने ती गोळा करून धरली. माझा एक हात तारेला, एक दोरीला. टोक कोण धरणार?

"मला काय तीन हात आहेत?" मी ओरडले.

मग ह्यांचा उजवा हात मांडीवरून हळूहळू पुढे आला. टोक अंगठ्याखाली दाबलं, निसटलं, पुन्हा दाबलं. मी तार ओढली आणि टोक आत गेलं. मला रडू आवरेना, म्हणून दाराकडे बघत बसले.

दुसरं टोकही तसंच ओवलं. दोरी कप्पीवर चढवली. सांधा चाकातून सरकला आणि उजवा हात वर गेला, खांद्यापर्यंत, मग आणखी थोडा.

हात तसाच वर ठेवून हे म्हणाले, "आता त्या नव्या दोरीचं काय करणार? परकरांखाली आहे ती."

"अगंबाई! कधी बघितलीत?"

"ठेवलीस तेव्हाच. कपाटाच्या आरशात दिसत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं मन लावून चुकत होतीस, चारू. नको कसं म्हणणार?"