हार्ड लक, बाबा

नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलीच आपल्या भट्टीवाल्याची गत. बेकरीतली नोकरी गेल्यापासून नशिबाला बोल लावण्याखेरीज त्याला दुसरा उद्योग नव्हता.

त्यात लेकीला इंग्रजीच्या बाईंनी दुर्दैवाचे शब्द दिले. बॅड लक, हार्ड लक, अनफॉर्च्युनेटली. घरातलं एखादं उदाहरण देऊन ते वापरायचे होते. लेकीने बाबांना विचारलं आणि स्वारी खुलली. भट्टी कशी आपोआप भडकली, भल्या माणसाच्याच वाट्याला हे भोग कसे येतात, सगळं त्याने तिखटमीठ लावून सांगितलं. पोरीने ते इंग्रजीत घोटून पाठ केलं.

खरं काय ते त्यालाच ठाऊक. पाव भट्टीत सोडून हा पठ्ठ्या गोदामात पोत्यांवर आडवा झाला होता. ट्रे जळले, पोती पेटली, आणि ह्याला फरफटत बाहेर काढताना मालकांचा हात भाजला. घरी मात्र ह्याने त्यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं.

हे सगळं पालकांसमोर बोलून दाखवायचं आहे, हे त्याला पालकसभेला वर्गात गेल्यावर कळलं. पुढच्याच बाकावर आपल्या नातीशेजारी बेकरीचे मालक बसले होते. हाताची कातडी अजून गुलाबी, आक्रसलेली होती.

लेक उभी राहिली. “माय फादर इज अ गुड बेकर. अनफॉर्च्युनेटली, द ओव्हन कॉट फायर.” शेवटी बापाकडे बघून गोड हसली. “हार्ड लक, बाबा!” टाळ्या पडल्या. बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ग सुटल्यावर मालक समोर आले. आता पोरीदेखत पितळ उघडं पडणार, म्हणून त्याने मान खाली घातली. पण मालकांनी पोरीला शाबासकी दिली, बस्स. तिचंच लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. काय झालं, म्हणून तिने विचारलं.

“बॅड लक, बाळ,” मालक म्हणाले. “तुझ्या बाबांसारखंच.”

चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर त्याने निमूट ऐकून घेतल्या असत्या. हे सोसवेना.

“बाबा, तुम्ही पण म्हणा ना त्यांना, हार्ड लक,” लेक त्याचं बोट ओढत म्हणाली.

“नशीब-बिशीब काही नाही गं,” तो कसाबसा म्हणाला. “मी झोपलो होतो. मला बाहेर काढताना भाजला त्यांचा हात.”

लेकीने त्या हाताकडे पाहिलं, मग बापाकडे. आणि धरलेलं बोट सोडून दिलं.