पितळी लगाम

खुंटीवर एक लगाम, तीन वर्षं न हललेला.

गवतावर उपडी घातलेली पांढरी बादली.

तीनशे अकरा शिंगरं. बरीचशी आयर्लंडात, अडथळ्यांवरून उड्या मारणारी.

आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज.

“काका, इंजेक्शन इथे त्याच्या बॉक्समध्येच देऊया ना. त्याची पाय बघा, किती दुखते. ही वोन्ट वॉक.”

“आणि मग? ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचं त्याला बाहेर?” अवधूत म्हणाला.

देविकाने बॅग खांद्याला अडकवली. घोड्यांची डॉक्टर ती, लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलेली. न्यूमार्केटजवळच्या या स्टड फार्मवर तिच्याशी मराठी बोलणारा हा एकटाच.

स्लो टाइड चोवीस वर्षांचा झाला होता. लांब पल्ल्याचा घोडा. सातव्या वर्षी शर्यती सुटल्या, पैदाशीसाठी इथे आला, आणि पहिल्या दिवसापासून अवधूतच्या हातात. आज सकाळपासून अवधूतने त्याला दोनदा मोरकी घालून पाहिली. घोडा पाऊल उचलेना.

घोडी फळवायची असली की लगाम वेगळा असे. त्याच्या पितळी कडीचा आवाज झाला की घोड्याला कळायचं. दुसऱ्या कुठल्याही कामाला तो वापरायचा नाही, हा अवधूतचा स्वतःचा नियम. सतरा वर्षांत त्याने तो मोडला नव्हता.

त्याने लगाम खुंटीवरून काढला.

“काका, हे काय करताय?”

“खोटं बोलतोय त्याच्याशी.”

पितळ वाजलं. घोड्याचे कान उभे राहिले. त्याने आपणहून तोंड पुढे केलं, मान कमानीसारखी वळवली आणि लंगडत दाराबाहेर आला.

बादलीपर्यंत चाळीस पावलं. दर चार-पाच पावलांनी तो थांबे, घोड्या फळवायच्या शेडकडे तोंड करून खिंकाळे आणि उत्तर ऐकायला कान टवकारून उभा राही. शेड रिकामी होती.

“येईल रे राजा,” अवधूत म्हणत होता, “येईल. तू चल.”

देविका बाजूने चालत होती, खाली बघत. “टेक युअर टाइम, काका,” ती हळूच म्हणाली. पोचल्यावर तिने खुणेची बादली उचलून बाजूला ठेवली.

चाळीस पावलांना अकरा मिनिटं लागली.

नंतर आडव्या पडलेल्या घोड्याचा लगाम अवधूतनेच काढला. पितळ अजून कोमट होतं. ते त्याने शर्टाच्या बाहीला पुसलं आणि तसंच मुठीत धरून ठेवलं.

पाचव्या वर्षी स्लो टाइडने अडीच मैलांची शर्यत चार मिनिटं एकोणीस सेकंदांत जिंकली होती.