दुसरा ब्रेक

मुलानं रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशातून काढलं आणि गाडीच्या दाराला लावलं. ते घट्ट चिकटलं. मग तो ते हळूहळू खाली सरकवत गेला. दाराच्या खालच्या कडेपाशी येताच चुंबक सुटलं आणि टप्पकन जमिनीवर पडलं.

"पुट्टी," तो म्हणाला. "वरून नुसता रंग. आतला पत्रा केव्हाच गेलाय."

मुलगा विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. ठोकलेल्या, जळालेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या दिवसभर बघून धडधाकट गाडीवरूनही त्याचा विश्वास उडाला होता. रस्त्यानं नीट चाललेली गाडी त्याला अजून व्हायचा राहिलेला अपघात वाटे. मनानं तो वाईट मुळीच नव्हता. फक्त अलीकडे आईकडेही तो त्याच नजरेनं बघायला लागला होता.

आई दोन पावलं मागे, हाताची घडी घालून उभी होती. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणे, कारण निम्म्या गावाला गाडी चालवायला बाईंनीच शिकवलं होतं. नुकतंच त्यांनी आपलं ड्रायव्हिंग स्कूल विकलं. आलेले पैसे बँकेत ठेवायचे, असं मुलानं ठरवून टाकलं होतं. त्यातून ही जुनी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घ्यायची, असं बाईंनी ठरवलं होतं, आणि आपलं ठरलेलं त्या कुणाला विचारायला गेल्या नव्हत्या.

गाडीचे मालक, दातांचे निवृत्त डॉक्टर, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तुम्ही का विकताय?" मुलानं त्यांना विचारलं.

"आत अजून बसता येतं मला," डॉक्टर म्हणाले. "बाहेर काढायला मात्र दोन माणसं लागतात."

बाई खळखळून हसल्या. मुलानं आईच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि टॉर्च घेऊन तो गाडीखाली शिरला.

बाहेर आला तो कपाळाला आठ्या घेऊनच. "ब्रेकचे पाइप बदलावे लागतील. सुटे भाग मिळायचे नाहीत, बनवून घ्यावे लागतील. आणि शेजारच्या सीटपुढचा पत्रा कागदासारखा झालाय. टाच जोरात मारलीस तर खालचा रस्ता दिसेल."

"आणि चांगलं काय आहे?"

"इंजिन," तो नाइलाजानं म्हणाला. "उत्तम आहे. पण मूळचं नाही, नंतर बदललेलं आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा गाडीला हात लावत नाहीत. उद्या विकायला काढलीस तर निम्मी किंमत यायची नाही."

"मी विकायला कुठं घेतेय?"

"आई, हा पांढरा हत्ती आहे."

"लाल आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना खोकला आला. मुलानं आवाज खाली आणला. "तुला कुठं जायचं असतं ते सांग ना मला. मी सोडत जाईन."

हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. सोडत जाईन! नवरा होता तोवर घरची गाडी नवऱ्यानं चालवली. जगाला शिकवणारी बायको शेजारी बसली. कामावर तर बोलायलाच नको. तिथंही शेजारचीच सीट आणि पायाखाली दुसरा ब्रेक, शिकाऊ माणसाची चूक सावरण्यासाठी मुद्दाम बसवलेला. उभा जन्म दुसऱ्याच्या वेगावर पाय ठेवण्यात गेला. आता त्यांना अशी गाडी हवी होती, जिच्यात कुणाला सावरायचं नाही आणि आपल्याला सावरायलाही कुणी नाही. आज नाही म्हटलं, तर आयुष्यभर कुणीतरी सोडत जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"चावी द्या डॉक्टर. एक चक्कर मारून येते."

चावी घेऊन त्या तरातरा गाडीकडे गेल्या, दार उघडून खाली बसल्या, दार ओढून घेतलं. मग चावी पुढे केली, तर समोर स्टिअरिंगच नव्हतं. ते पलीकडच्या सीटसमोर होतं.

डॉक्टर नखं बघू लागले. मुलगा हसला, आणि तेही इतक्या मायेनं की बाईंचे कान तापले.

"बघ, तुझ्या पायांनाच ठाऊक आहे तुझी जागा कुठली ती," असं म्हणत त्यानं त्यांच्या हातातली चावी अलगद काढून घेतली आणि तो चालवायला बसला.

बाईंनी त्याला चालवू दिलं. शिकाऊ माणसाला त्याची चूक आधी पुरी करू द्यायची, ही त्यांची जुनी पद्धत होती.

गल्ली संपून उतार लागला. खाली कालव्याशी वळण होतं. मुलानं ते जरा वेगातच गाठलं आणि बाईंचा पाय आपसूक समोरच्या पत्र्यावर आपटला.

"आई, पाय! पत्रा जाईल!"

ओरडताना त्यानं ब्रेक दाबला. गाडी एका अंगाला ओढली गेली आणि रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. त्यानं पुन्हा सुरू केली; गियर करकरला, गाडीनं आचका दिला आणि पुन्हा बंद. आजकालच्या गाड्यांसारखी ती समजूतदार नव्हती. मागे हॉर्न वाजू लागले.

"बघितलंस?" घाम पुसत तो म्हणाला. "ऐन वेळी दगा देते."

"उतर," बाई म्हणाल्या.

आवाज शिकवणीतला होता. त्या आवाजासरशी, मिसरूड फुटायच्या वयात गाडी शिकताना तो जसा मुकाट्यानं उतरायचा, तसाच आत्ताही उतरला.

या वेळी बाई बॉनेटवर हात ठेवून, पावलं बघत पलीकडे गेल्या. बसताना गुडघ्यांनी तक्रार केली. बाईंनी ती ऐकली नाही. मुलगा शेजारच्या सीटवर येऊन बसला. त्यांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गियर निमूटपणे पडला. गाडी सरळ झाली आणि कालव्याच्या कडेनं निघाली.

रस्ता मोकळा होता. बाईंनी वेग वाढवला तसा इंजिनाचा आवाज सीटमधून पाठीत शिरला. भीती वाटली. ती आपल्या स्वतःच्या वेगाची आहे, या विचारानं त्यांना इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"हळू, आई! चल, परत जाऊ. डॉक्टरांना मी सांगतो नको म्हणून, त्यांना वाईट नाही वाटणार. आणि तो गंज, ते सुटे भाग... मी खोटं बोलतोय का?"

"नाही. शब्द न् शब्द खरा आहे तुझा," बाई म्हणाल्या आणि वरचा गियर टाकला.

पुढे वळण दिसू लागलं. वेग कुठं कमी करायचा ते बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि ती जागा अजून आली नव्हती. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाकडे पाहिलं. त्याचा गुडघा ताठ झाला होता आणि बुटाचं टोक समोरच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबलेलं होतं.

"पाय उचल," त्या म्हणाल्या. "पत्रा पातळ आहे माझ्या गाडीचा."