कप्तान आधी बाहेर

धोंडू मास्तरांच्या हातात कधी शिट्टी असायची, कधी टाळ. माईक आला तो सत्तरी जवळ आल्यावर, तोही लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर. तिथल्या गारठ्यात त्यांनी उपरणं कानांवरून गुंडाळून घेतलं होतं. समोर कंपनीचे चाळीसेक साहेब-मॅडम बसले होते, खेळातून लीडरशिप शिकायला.

त्यांना बोलावून आणलं होतं त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विनीतनं. लालबागच्या श्रीकृपा क्रीडा मंडळाचा एकेकाळचा कबड्डीचा कप्तान, आता या कंपनीत सात माणसांच्या विभागाचा प्रमुख.

"मी काय सांगणार? मी गिरणीतला माणूस," मास्तरांनी सुरुवात केली. "पण कबड्डीत एक गंमत आहे. सगळे गडी बाद झाले की समोरच्यांना दोन गुण जास्तीचे मिळतात, त्याला लोण म्हणतात. आणि आपले सातच्या सात गडी पुन्हा मैदानात येतात. बावीस वर्षांपूर्वी, उपांत्य सामना. आमचा हा विनीत एकटा उरलेला. सहा गडी बाहेर, सहा मिनिटं बाकी. जीव वाचवत फिरला असता तर एकटा किती खेळणार? हा सरळ चालत रेषेबाहेर गेला. लोण दिला. सातही जण उठले नि सामना काढला."

मास्तर पाणी प्यायले.

"आमचे बुवा कीर्तनात दधीची ऋषींचं आख्यान लावतात. देवांना वज्र हवं होतं, ऋषींनी आपली हाडं काढून दिली. पुढारी म्हणजे तेवढंच. बाकी इंग्रजी तुमका ठाऊक."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विनीतच्या वरच्या साहेबीण इरावती मॅडम तर डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या यंत्राशेजारी सुबक चौकट लागली: 'कप्तान आधी बाहेर.'

दोन महिन्यांनी त्याच मॅडमनी विनीतला केबिनमध्ये बोलावलं.

"वरून आलंय. तुझ्या टीममधून तिघे कमी करायचे. नावं तू दे."

नावं काय द्यायची? रघुवीर बावन्न वर्षांचा, त्याला आता कोण दारात उभं करणार? अपेक्षा बाळंतपणाच्या रजेवरून महिन्यापूर्वी परतलेली. पुष्करनं गेल्याच पाडव्याला बदलापूरला घर घेतलेलं. बाकीच्या चौघांचीही अशीच रड. विनीतला चार रात्री झोप लागली नाही आणि पाचव्या दिवशी एकदम सगळं लख्ख दिसलं. भोळ्या भाविकाचं असंच असतं. आख्यान इतकं ऐकतो की एक दिवस ते करूनच बघावंसं वाटतं.

"मॅडम, माझ्या एकट्याच्या पगारात त्या तिघांचे पगार बसतात," तो म्हणाला. "मला काढा. सातही जणांना ठेवा."

इरावती मॅडमनी लॅपटॉप मिटला. "विनीत, तू खरंच ग्रेट आहेस," त्या म्हणाल्या. "राजीनामा पाठव. कारण 'वैयक्तिक' लिही, बरं दिसतं. मी वर बोलते."

घरी प्रितीनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

"त्यांना ठेवणार असं लिहून दिलंय कोणी?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द कीर्तनात देतात रे. ऑफिसात मेल असतो."

"आणि टीमला सांगितलंस?" तिनंच पुढे विचारलं.

"नाही. उगाच उपकार केल्यासारखं होतं."

"म्हणजे देव आणि तू, दोघांनाच माहीत," प्रिती म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

महिनाभरानं निरोपाचा केक कापून झाला. रघुवीरनं जड आवाजात भाषण केलं, अपेक्षानं तुळशीचं रोप दिलं. विनीत त्या संध्याकाळी लालबागपर्यंत पायी चालत आला, जिंकलेल्या सामन्यानंतर यायचा तसा.

नवव्या दिवशी अपेक्षाचा फोन आला.

"सर, आपला विभागच बंद केला. सगळे सात. आज दुपारी कार्डं काढून घेतली."

"पण मॅडम म्हणाल्या होत्या..."

"मॅडम म्हणाल्या, हे चार महिन्यांपूर्वीच ठरलं होतं." तिच्या पाठीमागे तान्हं बाळ रडत होतं. "तुम्हाला माहीत असणार ना सर? म्हणून तुम्ही आधी निघालात."

"नाही गं, मी तुमच्यासाठीच..."

"असू दे सर. प्रत्येकाला आपलं घर असतं. फक्त कानात सांगितलं असतंत, तर आम्हीपण शोधायला लागलो असतो." आणि तिनं फोन ठेवला.

विनीत तसाच मंडळाच्या मैदानावर गेला. धोंडू मास्तर वाकून फक्कीनं मध्यरेषा आखत होते. त्यांनी सगळं ऐकलं. हातातली फक्की तशीच सांडत राहिली.

"मॅडमला फोन लाव."

"उचलत नाहीत मास्तर."

"म्हणजे तू हाडं दिलीस," मास्तर हळूच म्हणाले, "आणि वज्र कुणाला घडवायचंच नव्हतं."

"चुकलं माझंच. मी आत असतो तर निदान भांडलो असतो. त्यांच्या बाजूनं बोलायला एक माणूस होता, तोच मी बाहेर काढला."

"तुझं नाय झिला. शिकवलं मी." मास्तरांनी धोतराला हात पुसले. "त्या पोरीचा नंबर लाव. मी सांगतो तिका. म्हाताऱ्याचं ऐकंल."

विनीत नको म्हणत होता, तरी त्यांनी फोन घेतलाच. मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन, एक हात कानावर ठेवून, ते अपेक्षाला लोण समजावत राहिले. सात गडी, सहा मिनिटं, रेषेबाहेर चालत गेलेला कप्तान, दधीची ऋषी, सगळं. मध्येच त्यांचा आवाज कीर्तनातल्यासारखा चढला, मग भरून आला. विनीत दुरून बघत उभा होता. एवढा जीव तोडून तर मास्तर त्या साहेबांसमोरही बोलले नव्हते.

ते परत आले. फोन त्याच्या हातात दिला.

"ऐकलं तिनं?"

"शेवटपर्यंत ऐकलं. गुणी आहे पोर. मधे बोलली नाय."

"मग काय म्हणाली?"

मास्तरांनी वाकून सांडलेली फक्की गोळा करायला घेतली.

"म्हणाली, बरं काका. पण सरांना नवी नोकरी कुठे लागली, तेवढं सांगा."