चार वाव पाणी

"मशीद तर पाडली ना, काका," बंदर कचेरीच्या खिडकीतला मुहन्ना म्हणाला. "मग तिचा मिनार डोंगराच्या खाचेत येतो, हे मी अर्जात लिहू तरी कसं?"

"तू लिही. वाचणाऱ्याला कळेल."

"वाचणारा मस्कतचा आहे. त्याने जन्मात कधी होडीत पाय ठेवलेला नाही. त्याला नकाशावर टिंब लागतं."

सर्हानने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकवली आणि हटायचं नाही अशा बेताने उभा राहिला. मागे ट्रकवाल्यांची रांग खोळंबली होती, तिची त्याला फिकीर नव्हती. बंदराच्या बांधाबाहेरचा समुद्र येत्या एक तारखेपासून होड्यांना बंद होणार होता, कारण तेलाची मोठी जहाजं तिथे नांगर टाकून राहणार होती. ज्याला जायचंच असेल त्याने अर्ज करावा, असं फलकावर लिहिलं होतं. सर्हानला दर शुक्रवारी तासभर जायचं होतं. कारणाच्या रकान्यात 'मुलाला भेटणे' असं मुहन्नाने न विचारताच लिहून टाकलं, कारण तोही खोर सिदरा गावचाच, आणि नब्हानबरोबर एका बाकावर शिकलेला. गाडं अडलं ते जागेच्या रकान्यापाशी.

"तुमच्या बद्रियाला सांगा ना," तो शेवटी म्हणाला. "नकाशांच्याच खात्यात आहे ती. तिने टिंब काढून दिलं की शिक्का मी मारतो."

सर्हान घरी निघाला. घर म्हणजे किनाऱ्यापासून बारा किलोमीटर आत, वाळवंटात एका मापाने बांधलेल्या घरांपैकी एक. आठ वर्षांपूर्वी अख्खं खोर सिदरा उचलून इथे आणून ठेवलं होतं. त्याआधी किनाऱ्यावर मोठा तंबू ठोकून एका अधिकाऱ्याने गोड शब्दांत समजावलं होतं की तेल आज ना उद्या संपणार, आता देशाने दुसरं काहीतरी करायला हवं, आणि इथे जे बंदर आणि कारखाने होतील तेच तुमच्या नातवंडांना पोसतील. माणूस खोटं बोलत नव्हता. पक्की घरं मिळाली, थंडगार हवेची मोठी मशीद मिळाली, पोरींना नोकऱ्या मिळाल्या, आणि सर्हानसारख्या मासेमाराला यार्डात राखणदाराचं काम मिळालं. तक्रार करायला तोंड उघडावं तर समोरचा मोजूनच दाखवायचा, काय काय दिलं ते. सर्हान तोंड उघडत नसे. त्याला फक्त शुक्रवारचा एक तास हवा होता.

नब्हान त्याचा थोरला. गावाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या जन्मापासून सर्हानला सगळे अबू नब्हान, म्हणजे नब्हानचा बाप, म्हणायला लागले आणि अजूनही म्हणतात, मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली तरी. मासे धरायचा तारेचा पिंजरा तळाशी कुठल्याशा तुटक्या जाळ्यात अडकला होता. एकोणीस वर्षांच्या नब्हानने कमरेला दोर बांधला, हसत नाक दाबलं आणि उडी मारली. पाणी चार वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून चार वेळा मोजलं की संपलं. त्यांच्यात एवढ्या पाण्याला कुणी खोल म्हणत नाही. दोराला हिसका बसला, दोर ताणला गेला आणि मग सर्हानच्या हातात सैल झाला.

त्यानंतरची एक गोष्ट सर्हानने बायकोलाही सांगितली नव्हती. हात वेड्यासारखे दोर ओढत होते आणि त्याच वेळी डोळे किनाऱ्यावरच्या खुणा घेत होते. मशिदीचा पांढरा मिनार डोंगराच्या खाचेत बरोबर मधोमध, आणि दोरीखाली चार वाव पाणी. हरवलेल्या पिंजऱ्याची जागा लक्षात ठेवावी तशी त्याने पोटच्या पोराची जागा लक्षात ठेवली होती. संध्याकाळी वारा सुटला, तीन दिवस पाणबुडे गढूळ पाण्यात चाचपडत राहिले, आणि हाती काही लागलं नाही. डोळ्यांनी तेव्हा ते काम केलं म्हणून त्याने स्वतःला माफ केलं नव्हतं, आणि केलं नसतं तर दर शुक्रवारी जायला जागाही उरली नसती.

तो जायचा, खुणा जुळवायचा, दोरीला बांधलेलं शिसं सोडून पाणी मोजायचा, फातिहा म्हणायचा आणि परतायचा. इमामांनी एकदोनदा सुचवून पाहिलं की दुआ घरी बसूनही पोचते. सर्हानने मान डोलावली आणि पुढच्या शुक्रवारी होडी काढली. रैया, त्याची बायको, कधीच गेली नाही. त्या दिवसापासून तिला समुद्राकडे पाहवत नसे. तो परत आला की ती कहवा ओतताना विचारायची, "कसं होतं?" तो म्हणायचा, "पाणी शांत होतं." कधीकधी नसायचं.

त्या संध्याकाळी बद्रिया कामावरून आली तेव्हा त्याने खजुराचं ताट बाजूला सारून अर्ज तिच्यापुढे ठेवला. बद्रिया सव्वीस वर्षांची, गळ्यात बंदराचं ओळखपत्र अडकवून हिंडणारी. त्या बिल्ल्याचा बापाला मनातून अभिमान होता आणि वरवर तो तिला 'साहेब' म्हणून चिडवायचा. तिने खुणा लिहून घेतल्या.

"चार वाव म्हणजे किती मीटर, बाबा?"

"माझे हात मोज आणि चारने गुण, साहेब."

तिने खरोखरच शिवणाची टेप आणली. सर्हान भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिला आणि ती एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरत गेली. रैया तोंडावर ओढणी धरून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसली.

दुसऱ्या दिवशी टिंब आलं नाही. तिसऱ्या दिवशी बद्रिया म्हणाली, काम फार आहे. चौथ्या दिवशी ती जेवायलाच खाली आली नाही. तारीख जवळ येत होती आणि सर्हानच्या मनात नको ते येऊ लागलं. सहाव्या दिवशी त्याने तिला अंगणात गाठलं.

"स्पष्ट सांग. साहेबांची मर्जी जाईल म्हणून देत नाहीस ना?"

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. त्यांनी गाव उचललं, मी काही म्हटलं नाही. मशीद पाडली, काही म्हटलं नाही. मुलगीही त्यांचीच झाली म्हणायची."

बद्रियाने रडू आवरलं. तिने पिशवीतून दोन कागद काढून बाकावर पसरले. एक जुना नकाशा, बंदराच्या आधीचा. त्यावर तिने डोंगराच्या खाचेपासून जुन्या मशिदीवरून समुद्रात सरळ रेघ ओढली होती, आणि जिथे पाणी चार वाव होतं तिथे टिंब काढलं होतं. दुसरा पातळ कागद आजचा. तिने तो जुन्यावर ठेवला.

"मी सात वेळा काढून पाहिलं," ती म्हणाली. "दिशा तुमची बरोबर आहे, बाबा. पण नब्हान तिथे नाही."

तिने रेघेवरून बोट फिरवत समजावलं. बंदरासाठी समुद्रात भराव घालायच्या काळात दोन वर्षं कुणालाच पाण्यात जाऊ देत नव्हते. वाट मोकळी झाली तेव्हा मशिदीच्या जागी कारखान्याचं धुराडं उभं होतं. सर्हानने तेच खाचेत धरलं, आणि ते चुकलं नव्हतं. त्या रेघेवर तो शिसं सोडत सोडत पुढे गेला आणि चार वाव लागताच थांबला. पण तोवर किनाराच दीड किलोमीटर समुद्रात सरकला होता. बांधाबाहेर मुळात सात-आठ वाव पाणी, पण बांधाला अडून वाळू साचली आणि तिथला तळ वर आला. दोरी चार वाव सांगत होती आणि खरंच सांगत होती. जन्मभर दोरीवर विश्वास टाकलेल्या माणसाला तळही हलू शकतो हे कुठून सुचावं!

सर्हानने दोन्ही कागदांच्या कडा जुळवून पाहिल्या.

"मग पाच वर्षं मी कुणाला भेटत होतो?"

बद्रियाने जुन्या टिंबावर बोट ठेवलं.

"आणि तो कुठे आहे?"

"शे-दोनशे पावलं इकडेतिकडे धरा," ती हळू आवाजात म्हणाली. "सात नंबरच्या यार्डात, भरावाखाली."

सात नंबरचं यार्ड सर्हानच्याच राखणीचं होतं. चार वर्षं तो तिथे जाड तळाचे बूट घालून फेऱ्या मारत होता. तिथेच पाइपांच्या आडोशाला बसून डबा खायचा, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायचा, दुपारी टोपी तोंडावर ओढून डुलकी काढायचा. गावच्या कबरस्तानात तो फाटकाशी वहाणा काढून आत जाणारा माणूस. त्याने बूट घातलेल्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि त्याला इतकी शरम वाटली की मुलीसमोर तोंड वर करवेना. तो तसाच बाकावर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. बद्रियाने त्याचे बूट सोडले, एकेक करून काढले आणि ती त्याच्या पायांशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने जागेचा रकाना कोराच ठेवून अर्ज मुहन्नाला परत नेऊन दिला. मुहन्नाने कारण विचारलं नाही. रैयाला सांगायला मात्र त्याला तीन दिवस लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे जमिनीवर आहे?"

"हो. जमिनीवर."

"मग मला ने."

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर यार्ड रिकामं असतं. फाटकावरच्या जोडीदाराला सर्हानने चार शब्दांत सांगितलं. त्याने रैयाला सलाम केला, वहीत नाव न घेता फाटक उघडलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. नियमाची पिवळी टोपी तिला कुणी दिली नाही. दोघं अनवाणी चालली. काँक्रीट तापलं होतं, पण रैयाने पाऊल उचलून धरलं नाही की चाल वाढवली नाही. दोन्ही बाजूंना पोलादी पाइपांच्या राशी, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. मधल्या मोकळ्या जागेत सर्हान थांबला.

"इथेच असं नाही सांगता येत," तो म्हणाला. "इथून त्या खांबापर्यंत कुठेतरी."

रैयाने खांबाकडे पाहिलं, पुन्हा जमिनीकडे पाहिलं, आणि खाली बसली. तिने तळहात काँक्रीटवर टेकवला. लहानपणी नब्हानला ताप आला की ती त्याच्या कपाळावर हात ठेवी, तसा तो तिने तिथे ठेवला आणि उचलला नाही.

"फार तापलंय इथे," ती म्हणाली. "सावलीसुद्धा नाही रे त्याला."

सर्हानने सूर्य कुठे आहे ते पाहिलं, दोन पावलं बाजूला सरकला आणि आपली सावली तिच्या हातावर पडेल असा उभा राहिला. ऊन जसजसं कललं तसतसा तोही थोडा थोडा सरकत राहिला.