चक थांबेपर्यंत

"हात काढ! आधी हात काढ तिथून!"

चिंतामणी मास्तर शेडभर ओरडले. जयदेवनं लेथचं बटण बंद केलं होतं, पण काम पकडणारा पोलादी चक अजून गरगरत होता आणि हा पठ्ठ्या त्यावर तळवा टेकवून त्याला थांबवत होता.

"थांबतोच की आता, मास्तर. बघत किती वेळ उभं राहायचं?"

"थांबेपर्यंत!"

मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं शेवटच्या वर्षी अंबरनाथच्या ह्या कारखान्यात काम शिकायला यायची. कोण नोकरीला लायक आणि कोणाला अजून रगडायला हवं, हे मास्तर ठरवत. मास्तर असे खट, की सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी घरी धाडलं होतं. पण जयदेवच्या हाताची सफाई पाहून ते भुलले. त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी, कुंदासाठी त्याला पसंत केला, साखरपुडाही उरकला. नोकरी लागली की मार्गशीर्षात लग्न.

"त्याला अजून तीन महिने शिकाऊच ठेवावा म्हणतो," मास्तर जेवताना बोलले.

कुमुदिनीबाईंची पळी आमटीतच राहिली. "आणि लग्न? सासऱ्यानंच नापास केला म्हणतील व्याही! पोरीच्या संसारात माती कालवू नका हो."

"अगं, खोड वाईट आहे त्याची. एखाद दिवशी हात जाईल."

"लग्न झालं की जातात खोडी."

कुंदा खाली मान घालून पोळ्या लाटत होती. मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "काय मास्तर, जयदेवला घ्यायचा?"

"हात सोन्याचा आहे, साहेब," मास्तर म्हणाले. पुढचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

जयदेव शेजारच्या शेडमध्ये नोकरीला लागला आणि मास्तरांच्या जिवाला घोर लागला. तिकडे एखादा लेथ बंद झाला तरी त्यांचे कान टवकारायचे. पेढे वाटले तेव्हाही त्यांनी पेढा खिशातच ठेवला.

एका दुपारी तिकडचे सगळे लेथ एकामागून एक बंद होत गेले. अशी शांतता त्या कारखान्यात कधी नसे. मास्तर उठून चालू लागले. काय झालं, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

लग्न मोडा म्हणणारे पुष्कळ भेटले. कुंदा बधली नाही. "बाबा, मी काय त्यांच्या बोटांशी लग्न ठरवलं होतं?" एवढंच म्हणाली. बापाची चूक तिला ठाऊक होती, पण तिनं ती कधी काढली नाही. तेच मास्तरांना जास्त लागलं.

मार्गशीर्षात मांडव घातला. कन्यादानाला जयदेवनं ओंजळ पुढे केली. त्या ओंजळीवर कुंदानं आणि सगळ्यांत वर मास्तरांनी आपली धरली. कुमुदिनीबाई झारीनं पाणी घालू लागल्या. मास्तरांच्या हातातून ते कुंदाच्या आणि तिथून जावयाच्या हातात पडत होतं, पण त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. पाणी ठरेना. ते सरळ पाटावर सांडत राहिलं.

कुमुदिनीबाईंनी झारी सरळ केली, धार तुटली.

"घाल, पाणी घाल," मास्तर म्हणाले. त्यांनी आपली ओंजळ वरून काढली आणि जावयाच्या हाताखाली नेऊन धरली.

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले.